साळींदराचा पंजा धरून

जिन्याच्या तोंडाशी येऊन पाणमांजर थबकलं.

खाली उतरायचं होतं, पण पायरी नेमकी कुठून सुरू होते तेच दिसेना. पाणमांजराच्या आत एक मुलगी होती, आणि तिला बाहेरचं जग दिसत होतं ते डोळ्यांच्या जागी लावलेल्या जाळीतून. समोरचं तेवढंच, तेही चाळणीतून पाहावं तसं. स्वतःचे पाय तर तिने मघापासून पाहिलेच नव्हते. मागून माणसं, म्हणजे लांडगे आणि कोल्हे, येत होते. पुढे जावं तर तोंडावर आपटायची भीती, मागे फिरावं तर शेपटी कुणाच्या तरी पायात जाणार. आता करावं तरी काय... अशा विचारात असतानाच तिच्या उजव्या पंज्यात दुसरा एक पंजा अलगद येऊन बसला.

तिने अख्खं डोकं वळवून पाहिलं. शेजारी साळींदर उभं होतं.

आणि काय साळींदर होतं ते! डोक्यापासून कमरेपर्यंत काळेपांढरे काटे, एकेकाचा बाक निराळा, आणि जरा हललं की सगळे काटे मिळून झुलायचे. ती मामांच्या दुकानात सोफ्यांची कव्हरं आणि पडदे शिवायची, त्यामुळे तिची नजर आधी शिवणीवर गेली. एकेक काटा वेगळा कापलेला, आत फोम भरलेला, हाताने टाके घालून बसवलेला. हे करताना कुणाची तरी बोटं सोलवटून निघाली असणार. त्या न पाहिलेल्या बोटांबद्दल तिला एकदम माया वाटली. जिना ती साफ विसरूनच गेली.

हा सगळा फरी लोकांचा मेळावा होता. प्राण्यांचं वेड असलेली ही माणसं. प्रत्येकाने आपल्यासाठी एखादा प्राणी निवडलेला, त्याला नाव ठेवलेलं, आणि ज्याला जमेल तो त्या प्राण्याचा अंगभर पोशाख चढवून इथे येतो. हिचं पाणमांजर, नाव डुबकी. वर्षभर दुकान बंद झाल्यावर मशीनवर बसून तिने ते शिवलं होतं.

मामांनी चेष्टा करून करून तिला भंडावलं होतं. "इतके दिवस सोफ्यांना कपडे शिवलेस, आता स्वतःच सोफा होऊन निघालीस होय?"

"जाऊ द्या हो, हौस आहे पोरीची," मामी म्हणाली होती, आणि गुपचूप शेपटीला इस्त्री करून दिली होती.

मामेबहीण सोबत येणार होती. पोशाखातल्या माणसाला धड दिसत नाही, म्हणून बरोबर एक सोबती लागतोच. तो हात धरतो, वाट दाखवतो, पाणी देतो. पण ऐनवेळी मामेबहिणीचा पाय मुरगळला आणि डुबकी एकटीच आली. काय होतंय, बघू या, असं म्हणत आली आणि आता जिन्याच्या तोंडाशी उभी होती.

सकाळी हॉटेलच्या दारातून आत पाऊल टाकलं तेव्हा तर तिचा श्वासच अडकला होता. लॉबीभर प्राणी! निळा लांडगा सरकत्या जिन्यावरून ऐटीत खाली येतोय. ड्रॅगनची शेपटी इतकी लांब की दोघंजण ती मागून उचलून चालताहेत. दोन म्हातारी कासवं बाकावर एकमेकांना टेकून बसली आहेत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मान डोलावताहेत. कुणाच्या अंगावर जांभळे पट्टे, कुणाचा अर्धा चेहरा काळा नि अर्धा पांढरा, कुणाच्या एका डोळ्याभोवती पांढरी कोर. आणि हे सगळं लोकांनी हौसेने, आवडीने मागून घेतलेलं! ती किती तरी वेळ नुसती पाहत राहिली. डोळे भरून आले, आणि पोशाखाच्या आत हात नेऊन ते पुसताही येईनात.

कारण तिच्या डाव्या डोळ्याभोवतीही अशीच पांढरी कोर होती. डोळ्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत कातडीचा रंग गेलेला. कॉलेजात असताना कोड दिसायला लागलं आणि हळूहळू पसरलं. दुकानात गिऱ्हाईक कापडाचा भाव तिला विचारायचं, पण नजर जाऊन थांबायची डोळ्याच्या शेजारी. सवय होते, असं सगळे म्हणायचे. तिला झाली नव्हती. म्हणून तर तिचं पाणमांजर नाकापासून शेपटीपर्यंत एकरंगी तपकिरी होतं. एक ठिपकासुद्धा तिने त्यावर येऊ दिला नव्हता. आज सकाळपासून लोक तिच्या डोळ्यांत बघून हात हलवत होते. डोळे खोटे असेनात का! हे डोकं कधी उतरवूच नये, असं तिला वाटत होतं.

साळींदराने तिचा पंजा दाबला. एकदा. मग जरा थांबून दोनदा.

इथला रिवाज असा की पोशाखात असताना बोलायचं नाही. प्राणी बोलत नसतात. तेव्हा जे काही सांगायचं ते हातवाऱ्यांनी. एकदा दाबला म्हणजे पायरी आली, दोनदा म्हणजे चला, असा अर्थ तिने लावला, आणि दोघं चाचपडत, एकमेकांना सावरत जिना उतरली. इतका देखणा पोशाख म्हणजे हा मुरलेला गडी असणार, याला इथला कोपरा न् कोपरा ठाऊक असणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

खाली लांबच लांब बोळ होता, पायाखाली मऊ गालिचा. चालता चालता साळींदराने तिच्या मिशांकडे बोट दाखवलं आणि मग आपली छाती धरून भोवळ आल्यासारखं केलं. तिने लाजून दोन्ही पंज्यांत तोंड लपवलं. आत खरोखरच तिचे कान गरम झाले होते. मग त्याने दोन्ही हात पसरले... आणि तसंच उभं राहिलं. मिठी मारू का, हे आधी विचारायचं असतं. तिने त्याच्या काट्यांकडे बोट केलं आणि पंजा जोरजोरात हलवला—छे, छे, टोचेल! साळींदराने एक काटा धरून पार वाकवून दाखवला. बघ, मऊ आहे. तिने तो काटा दाबून पाहिला, मान तिरकी करून जरा भाव खाल्ला, आणि मग हळूच पुढे झाली. काटे चिरडले गेले तरी त्याने तक्रार केली नाही.

पुढे एक दार लागलं. आतून माइकचा आवाज येत होता. मिरवणूक इथूनच निघणार असेल! दोघंही थाटात आत शिरली.

"...आणि लक्षात ठेवा," आतला माणूस ठासून सांगत होता, "संकट कधी, कुठल्या दारातून आत येईल, याचा काही नेम नसतो—"

आवाज थांबला. सगळं सभागृह चिडीचूप झालं. तिने डोकं डावीकडे वळवलं, मग उजवीकडे. रांगेने बसलेले काळे कोट. गळ्यात टाय. विमा एजंटांची वार्षिक सभा!

मग कुठून तरी एक खुसखुस ऐकू आली, आणि बघता बघता अख्खं सभागृह खो-खो हसायला लागलं. साळींदराने कमरेत वाकून नमस्कार केला. मग तिनेही केला. टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या गजरात दोघं उलट्या पावली सरकत बाहेर आली आणि दार लागल्याबरोबर भिंतीला टेकून उभी राहिली.

तेव्हा पहिल्यांदा रिवाज मोडला गेला.

"अहो..." काट्यांच्या आतून एक पुरुषी आवाज दबकत आला. "तुम्हाला दिसत होतं ना?"

"मला? मला कुठलं दिसतंय! तुम्ही नेत होतात ना मला?"

"मी? मी तर तुमच्या भरवशावर चाललो होतो! तुम्ही इतक्या ऐटीत चालत होतात..."

"ती ऐट नाही, शेपटी जड आहे," ती म्हणाली. "तुम्ही किती वर्षं येताय इथे?"

"आज पहिल्यांदा. मघाशी ताईचा हात सुटला आणि तुमचा पंजा हाताला लागला. मला वाटलं, देवच पावला. तुम्ही?"

"मीपण पहिल्यांदाच."

आणि मग पाणमांजर हसायला लागलं. पोट धरून, भिंतीवरून घसरत, खाली बसून हसायला लागलं. साळींदरही हसत होतं आणि त्याचे सगळे काटे हलत होते.

"मी टोच्या," तो म्हणाला.

"मी डुबकी."

हसून हसून आत भट्टी पेटली होती. घाम डोळ्यांत उतरत होता, डोकं गरगरत होतं. भिंत चाचपत, कुणाकुणाला खुणेने विचारत दोघं विसाव्याच्या खोलीपर्यंत पोचली. फक्त पोशाखवाल्यांसाठी आणि त्यांच्या सोबत्यांसाठीच असते ही खोली. दारावर पाटी होती: डोकी इथे उतरवा. इथे पाहिलेले चेहरे इथेच ठेवून जा.

आत पाऊल टाकलं आणि ती पुन्हा थक्क झाली. मोठाले पंखे घोंघावत होते. भिंतीशी वाघाचं, घुबडाचं, हरणाचं डोकं ओळीने वाळत ठेवलेलं. आणि मानेपर्यंत लांडगा असलेल्या एका देहावर चष्म्याची खूण नाकावर उमटलेला मास्तरी चेहरा! ड्रॅगनच्या गळ्यातून एक टकलू काका बाहेर आले होते आणि टॉवेलने डोकं पुसत होते. लालबुंद, घामेजलेली, पाण्याच्या बाटल्या तोंडाला लावलेली साधीसुधी माणसं. सकाळपासूनची सगळी जादू यांच्या आत होती. तिचा ऊर भरून आला.

पाणी वाटणाऱ्या काकू तिच्यापाशी आल्या. "डोकं काढ गं बाळा, चक्कर येईल. इथे कुणी बघत नाही."

ती हलेना. इथे कुणी बघत नव्हतं, खरं होतं. पण शेजारी टोच्या होता. बोळातली ती मिठी, ते छाती धरून भोवळ येणं... ते सगळं एकरंगी पाणमांजरासाठी होतं. आता डोकं निघालं की त्याचीही नजर डोळ्याशेजारी जाऊन थांबणार. मग तो जरा जास्तच चांगलं वागणार. ते जास्तीचं चांगलं वागणं तिला पाठ होतं, आणि याच्याकडून तर ते तिला मुळीच नको होतं.

"मी पाठ करून बसतो हवं तर," तो म्हणाला, आणि खरंच वळून बसला. तिच्यासमोर आता नुसते काटेच काटे. त्याने आपलं डोकं उतरवल्याचं मागून कळलं. मानेवर घामाने चिकटलेले केस होते आणि कान चांगलेच मोठे होते.

तिने पंजे काढले, डोकं उतरवलं. गार वारा तोंडावर आला. अहाहा! पाण्याची अख्खी बाटली तिने एका दमात संपवली.

"वळू?" त्याने विचारलं.

"...थांबा ना जरा."

"थांबतो. पण खरं सांगू का? वळलो तरी मला काही दिसायचं नाही. चष्मा ताईकडे आहे. आत घातला की काचांवर वाफ धरते. हाताच्या पलीकडचं मला सगळं धुकं."

"म्हणजे जिन्यावर तुम्ही... जाळी लावून, वर चष्म्याशिवाय?"

"आणि वर माझं चष्म्याचं दुकान आहे. हसा, हसा. दिवसभर लोकांना दृष्टी देतो आणि स्वतः विमा काढायला जातो."

तिला हसू आवरेना. "वळा," ती म्हणाली.

तो वळला. चेहरा लांबट, डोळे बारीक केलेले, हसू थेट कानापर्यंत. तिच्या दिशेने बघत होता, पण जरासा बाजूलाच. हे तर फार छान होतं. असंच बसावं, गप्पा माराव्यात, आणि धुक्यातच निरोप घ्यावा... तिने मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

"अरे, कुठे कुठे शोधलं तुला!" दारातून एक बाई धापा टाकत आल्या. हीच ताई. "विम्याच्या हॉलमध्ये साळींदर घुसलं म्हणून तिकडे बोंब आहे, तेव्हा पत्ता लागला! हा घे चष्मा."

त्याने दोन्ही पंजे वर केले. "मी कसा घालू? पंजे निघत नाहीत ना."

"बाहीला शिवून टाकलेत?" डुबकी न राहवून म्हणाली. "बटणं लावायची असतात तिथे! इतकं सुरेख काम केलंत आणि पंज्यांशी माती खाल्लीत!"

"ताई, बघ, आल्याआल्या चुका काढते."

"कुणी तरी काढायलाच हव्या होत्या. तूच घाल गं त्याला," म्हणत ताईने चष्म्याची डबी तिच्या हातात दिली आणि पाणी आणायला निघून गेली.

डबी हातात घेऊन ती बसून राहिली. डबी त्याच्या मांडीवर ठेवून, मला उशीर होतोय म्हणून उठता आलं असतं. त्याला कधीच काही कळलं नसतं. डुबकी त्याच्या आठवणीत एकरंगीच राहिली असती. पण मग त्या आठवणीत ती स्वतः कुठेच नसती, हेही तिला कळत होतं, आणि तेच तिला सोसवेना. हा माणूस तिला हवा होता. इतकं सरळ, इतकं लख्ख तिला याआधी कधी काही हवंसं वाटलं नव्हतं.

तिने डबी उघडली. डबीतल्या फडक्याने काचा पुसल्या, पुन्हा पुसल्या. मग पुढे झुकून, काड्या जपून त्या मोठ्या कानांवर बसवल्या, आणि मागे सरकली नाही.

त्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुमचा उजवा डोळा जरा बारीक होतो," तो म्हणाला. "नंबर तपासलाय कधी?"

"...काय?"

"सुई ओवताना त्रास होत असणार. एकदा दुकानात या."

तिने रिकामी डबी बंद केली. मग हळू आवाजात म्हणाली, "बाकी काही दिसलं नाही?"

"दिसलं ना." आता तो हसत नव्हता. "पहिल्यांदा तेच दिसलं. म्हटलं, किती सुंदर आहे ही... पण पाहिल्यापाहिल्या तसं म्हटलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, हा माझी समजूत काढतोय. म्हणून आधी नंबरचं काढलं."

पंखे घोंघावत होते. पलीकडे ड्रॅगनवाले काका आपलं डोकं पुन्हा चढवत होते. तिच्या गालावरून काही तरी ओघळलं. घाम असेल, नाही तर नसेलही. आता हात मोकळे होते, तरी तिने ते पुसलं नाही.

"मग आता म्हण," ती म्हणाली.

आणि तो म्हणाला.