फेअरबँक्सची व्हायोलिनवाली

लतिकानं पेटीच्या कडीला हात घातला, तोच वरून एक भलामोठा लोकरी पंजा आला आणि त्यानं पेटी घट्ट दाबून धरली.

"डोन्ट. प्लीज, डोन्ट ओपन इट."

परका गाव, परकी माणसं, आणि भर दुपारी कुणीतरी आपल्या व्हायोलिनवर हात टाकतंय. अशा वेळी इंग्रजीत ओरडायचं असतं, हे न्यू जर्सीत वाढलेल्या मुलीला काय सांगायला हवं? पण तोंडून निघालं ते आईचं मराठी.

"मेल्या, सोड."

पंजा जागच्या जागी थिजला. मग मोजा उतरला, टोपी उतरली, मफलरचे तीन वेढे सुटले आणि आतून एक चष्मा बाहेर आला, वाफेनं पांढरा झालेला. त्यामागे डोळे असावेत असा नुसता अंदाज.

"मेल्या म्हणालात?" चष्मा मराठीत म्हणाला. "साडेतीन वर्षांनी ऐकून राहिलो हा शब्द. बरं वाटलं बाप्पा."

लतिका आ वासून बघतच राहिली. अलास्कातलं फेअरबँक्स, १९८४चा नोव्हेंबर, बाहेर उणे चाळीस. इथे फॅरनहाइट आणि सेल्सिअस यांचंसुद्धा एकमत होतं. आणि कपडे धुवायच्या दुकानात, धडधडणाऱ्या यंत्रांच्या रांगेत हा कोण नागपूरकर उपटला?

तो श्रीरंग देवपुजारी. युनिव्हर्सिटीत गोठलेल्या जमिनीवर संशोधन करणारा. चष्मा पुसता पुसता त्यानं समजावलं, की बाहेरच्या थंडीतून आत आल्या आल्या पेटी उघडली तर एकदम ऊब लागून लाकूड तडकतं. चार तास पेटी बंद ठेवायची. हळूहळू अंगात ऊब येऊ द्यायची.

"तुम्ही वाजवता व्हायोलिन?"

"छे. जमीन वितळली की वरची घरं कशी तडकतात ते मी बघतो. तत्त्व तेच."

"आणि चार तास मी काय करू?"

"कपडे धुवा. मग वाळवा. मग..." तो जरा घुटमळला. "माझेही आहेत दोन बादल्या."

ती हसली. आणि हसल्यावर तिच्या लक्षात आलं, की या गावात आल्यापासून, म्हणजे गेल्या नऊ आठवड्यांत, आपण पहिल्यांदाच हसलोय.

लतिका साने आठ वर्षांची असताना आईवडिलांबरोबर अमेरिकेत आली. वडील डॉक्टर, घर न्यू जर्सीतल्या आयसेलिनला. मुलीनंही डॉक्टर व्हावं अशी घरादाराची इच्छा, आणि मुलगी संगीताची पदवी घेऊन बसली. पदवीनंतर तिनं पाच वाद्यवृंदांच्या परीक्षा दिल्या, पाचही ठिकाणी नकार आला. मग फेअरबँक्सच्या कलामंडळाची जाहिरात दिसली. युकॉन नदीकाठच्या आदिवासींच्या तीन खेड्यांत जाऊन शाळेतल्या मुलांना व्हायोलिन शिकवायचं, मुदत एक वर्ष. तिचा एकटीचाच अर्ज आला होता, हे तिला इथे पोचल्यावर कळलं.

राहायला लाकडी खोपटं. वीज होती, फोन होता, पण नळ नव्हता. म्हणून दर शनिवारी आंघोळ आणि धुणं, दोन्ही त्या दुकानात. सोमवार ते शुक्रवार ती टपालाच्या इवल्याशा विमानातून गावोगाव हिंडायची. शनिवारी परतली की धावपट्टीवरून थेट दुकान गाठायची, आणि पेटी बाकावर ठेवून वाट बघत बसायची. पेटीशेजारी आता एक चष्माही असायचा.

त्याचे कपडे दर शनिवारी इतके कसे मळतात, हे तिनं एकदा विचारलंच. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, की धुतलेलेच परत आणतो. ती लाजली, मग चिडवत राहिली, आणि पुढच्या शनिवारी स्वतःच वेळेआधी येऊन बसली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही आठवेना. तो नागपूरच्या मे महिन्याच्या गोष्टी सांगायचा, वाळ्याच्या ताट्या, कूलरचं पाणी, उन्हात टाकलेले पापड. ऐकूनच तिला ऊब यायची. चार तास संपले की ती पेटी उघडायची, तारा जुळवायची आणि त्या यंत्रांच्या गोंगाटात हळूच काहीतरी वाजवायची. तो डोळे मिटून ऐकायचा. त्याला संगीतातलं ओ का ठो कळत नव्हतं, आणि तसं तो कबूलही करायचा.

एकदा तिच्या बोटांना पडलेल्या भेगा त्याला दिसल्या. काही न बोलता त्यानं खिशातून व्हॅसलिनची डबी काढली आणि तिच्या पुढ्यात सरकवली. तिनं बोटं पुढे केली. दोघंही शेजारच्या यंत्रातले कपडे गरगरताना बघत राहिले... फारच मन लावून.

पण जानेवारीत तिचा धीर सुटला. तीन आठवडे थंडी हटली नव्हती. मुलं कंटाळून सारेगमचे इंग्रजी धडे घोटत होती आणि खिडकीबाहेर बघत होती. त्यातच सहाव्या वाद्यवृंदाचा नकार आला.

"इथे व्हायोलिन वाजवून कुणाचं आयुष्य उभं राहत नाही, श्रीरंग," ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली. "मला मोठ्या शहरात जायला हवं. इथे कोण ऐकतं माझं?"

मी ऐकतो, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण तो ते गिळून बसला. पुरुषांची ही एक खोडच असते. नको तेव्हा बोलतात, आणि बोलायच्या वेळी मूग गिळतात.

फेब्रुवारीत लतिका सगळ्यात लांबच्या गावी गेली आणि वादळात अडकली. एक दिवस, दोन दिवस, करता करता सोळा दिवस विमान आलं नाही. गावात फोन एकच, तोही बंद पडलेला.

चौथ्या दिवशी दुपारी तीनलाच अंधारून आलं, आणि शाळेतल्या मुलांनी तिला ओढत गावच्या हॉलमध्ये नेलं. सगळा गाव जमला होता. कोपऱ्यात सायमन नावाचे ऐंशीच्या घरातले आजोबा बसले होते. त्यांनी तिच्याकडे हात पुढे केला, व्हायोलिन मागितलं. तिला नाही म्हणवेना. त्यांनी ते हनुवटीखाली धरलंच नाही. छातीशी टेकवलं, गज मुठीत पकडला, आणि...

लतिकाला घाम फुटला. उणे पन्नासात, खरोखरचा घाम. त्यांच्या पणजोबांनी सव्वाशे वर्षांपूर्वी फरच्या व्यापाऱ्यांकडून ऐकून उचललेल्या चाली होत्या त्या. मध्येच एक मात्रा जास्त, मध्येच एक गाळलेली. कुठल्याही पुस्तकात नसलेल्या. म्हाताऱ्याचे दोन्ही पाय फळीवर ताल देत होते आणि कातडी बूट घातलेला अख्खा गाव नाचत होता. धड्यांच्या वेळी पेंगणारी तिची मुलं सगळ्यांत पुढे होती.

ज्यांना ती व्हायोलिन शिकवायला आली होती, त्यांच्या घरात चार पिढ्या व्हायोलिन नांदत होतं. आणि सहा महिन्यांत तिनं कुणाला साधं विचारलंही नव्हतं. लाजेनं तिचे कान तापले. मग आजोबांनी वाद्य परत दिलं, वाजव म्हणाले. तिनं जीव तोडून साथ द्यायचा प्रयत्न केला आणि चौथ्या ओळीला ताल चुकला. गाव खदखदून हसला.

"चांगलं वाजवतेस," सायमन आजोबा म्हणाले. "फक्त हातांनी वाजवतेस."

उरलेले बारा दिवस ती रोज त्यांच्या चुलीशी बसली. तेरा चाली उचलल्या. आजोबांना शंभरावर येत होत्या, आणि त्या पुढे चालवणारं गावात कुणी उरलं नव्हतं. मुलांची बोटं मात्र तयार होती, तेवढं तिनं शिकवलं होतं. सतराव्या दिवशी, शनिवारी, विमान आलं. टपालात कलामंडळाचं पत्र होतं, आणखी तीन वर्षं राहाल का? तिनं विमानाच्या पंखावर कागद ठेवून तिथेच सही केली आणि पत्र वैमानिकाच्या हाती दिलं. आता ही बातमी एकाच माणसाला सांगायची होती. त्याच्याशिवाय हे तीन वर्षांचं गणित तिला मनातसुद्धा मांडता येत नव्हतं.

पण त्या संध्याकाळी दुकानात चष्मा नव्हता. आणि रविवारी सकाळी फोन वाजला.

"अगो, किती दिवस फोन लावतेय," आई रडत होती की हसत होती, कळेना. "केवढा गुणी मुलगा. स्वतः फोन केला, बाबांशी रीतसर बोलला. म्हणाला, लतिकाला शहर हवंय, मी चँडलरला नोकरी घेतली. अॅरिझोना, म्हणजे ऊनच ऊन. शेजारी फिनिक्ससारखं मोठं शहर, तिथे हवं तेवढं वाजवू दे म्हणाला. आम्ही हो म्हणून टाकलं. जूनमधला मुहूर्त चालेल ना?"

लतिका 'आई, नंतर बोलते' एवढं कसंबसं म्हणाली आणि पार्का, तो जाडजूड फरचा कोट, चढवून निघाली. वीस मिनिटांच्या वाटेत तिच्या पापण्यांवर बर्फ साचलं. त्यातलं थोडं रडण्याचं होतं.

श्रीरंगनं दार उघडलं. मागे खोक्यांची चळत होती. पुस्तकं बांधून तयार, भिंती उघड्या.

"तू आलीस," तो म्हणाला. चेहरा असा उजळला, की तिला आणखीच राग आला. "मी काल सकाळपासून धावपट्टीवर होतो, दुपारनंतर सांगितलं विमान येत नाही, म्हणून घरी परतलो..."

"आईला विचारलंस," लतिका म्हणाली. "बाबांना विचारलंस. चँडलरच्या कंपनीला विचारलंस. मला?"

त्यानं नजर खोक्यांकडे वळवली.

"सांग ना. मला काहून नाही विचारलंस?" ती त्याचाच नागपुरी शब्द त्याच्यावर फेकत म्हणाली.

"कारण त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी जगलो असतो," श्रीरंग म्हणाला. "तू नाही म्हणाली असतीस तर..." त्यानं एक खोकं पायानं बाजूला सारलं. "कंपनीनं आठ दिवसांची मुदत दिली होती, तू वादळात. तूच म्हणालीस, इथे आयुष्य उभं राहत नाही. मला वाटलं, आपण आधी सगळं उभं करून ठेवावं, मग तुला विचारावं."

लतिका तिथेच एका खोक्यावर बसली. ज्याच्यावर ओरडायला धावत आलो, त्यानं आपल्यापायी साडेतीन वर्षांचं काम गुंडाळलं होतं. आता ओरडायचं तरी कसं?

तिनं सांगितलं. सायमन आजोबा, तेरा चाली, हसणारा गाव. पंखावर केलेली सही. तीन वर्षं.

श्रीरंगचा चेहरा पांढराफटक पडला. चष्मा काढून तो नुसता हातात धरून उभा राहिला.

"मी इथला राजीनामा देऊन टाकला," तो शेवटी म्हणाला. "माझ्या जागी माणूसही घेतला त्यांनी. एक जूनला मला चँडलरला हजर व्हायचंय."

ज्या दोन माणसांनी एकमेकांसाठी आपापलं आयुष्य फिरवलं, ती आता पाच हजार किलोमीटरवर जाऊन पडणार होती. आणि यात रागवावं असं कुणीच नव्हतं.

"विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं," ती हळूच म्हणाली. "तुला हो. चँडलरला नाही. पण तू जा. मोठी नोकरी आहे. माझ्यासाठी इथे थांबून उद्या मनात कुढत बसलास, तर ते मला नाही सोसायचं."

ती उठली. दारापर्यंत गेली, हातमोजे घालू लागली. बोटं मोज्यात शिरेनात.

"लतिका, एक स्थळ आहे," तो मागून म्हणाला.

ती वळली.

"मुलगा नागपूरचा. डॉक्टरेट झालेली. वर्ण निमगोरा, चष्मा आहे." त्यानं चष्मा परत नाकावर चढवला. "सध्या बेकारीच्या वाटेवर. उद्या सकाळी चँडलरला 'येत नाही' म्हणून कळवतोय, म्हणजे जूनपासून पक्का बेकार. काम मिळेल, इथली जमीन काही लगेच वितळत नाही. पण तोवर बायकोच्या पगारावर जगावं लागेल, आणि नागपूरला त्याचे वडील हे ऐकून जेवणार नाहीत. मुलीला पसंत आहे का, ते मुलीलाच विचारायचंय. दुसऱ्या कुणालाही नाही."

लतिका थक्क होऊन त्याच्याकडे बघत राहिली. या माणसाला एवढं बोलता येतं, हे तिला आजवर माहीत नव्हतं.

"वेडा आहेस का?"

"हो की नाही, तेवढं सांग."

"आठवड्यातले पाच दिवस मी घरी नसेन."

"मी असेन."

"नळ नाही."

"पाणी भरीन."

तिनं एक मोजा खाली टाकला, मग दुसरा. आणि त्याच्या छातीवर कपाळ टेकवून इतका वेळ रडली, की त्याला वाटलं आपण पुन्हा काहीतरी चुकलो. "हो रे," ती त्याच्या स्वेटरमध्ये म्हणाली. "पसंत आहे. बेकार आहे, तरी पसंत आहे."

बऱ्याच वेळानं दोघांची नजर एकदमच भिंतीवरच्या फोनकडे गेली. आयसेलिनला एव्हाना अर्ध्या नातेवाइकांना पेढ्यांची बातमी गेली असणार, आणि जावई चँडलरचा म्हणून गेली असणार. श्रीरंग म्हणाला, मी बोलतो. तिनं मान हलवली आणि स्वतः नंबर फिरवला. पलीकडे पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

"आई," लतिकानं श्रीरंगचा हात घट्ट धरला, "आधी तू खुर्चीवर बस. बाबांनाही बसव. मग सांगते."