राजाच्या शेतातलं न संपणारं तास

ही घटना खरी आहे. मानबोकच्या घरात मात्र ती कुणी मोठ्याने सांगत नाही.

वसंतातली सकाळ होती. राजधानी हानयांगच्या पूर्ववेशीबाहेर शेतीच्या देवांची वेदी आहे, तिच्या पायथ्याशी राजाचं शेत. पूजा झाली. राजेसाहेबांनी स्वतः नांगर धरला, बांधापासून बांधापर्यंत दोन-चार तासं मारली आणि पालखी परतली. उरलेलं शेत मानबोक आणि त्याचा मेहुणा गिलसोए यांच्या वाट्याला आलं.

"घाम आपला, नाव त्यांचं!" गिलसोए बांधावर बसून हसला. "दाजी, हे तास तुम्ही मारा. पुढचं मी धरतो."

मानबोकने बैल हाकला.

तेवढ्यात धुकं उतरलं.

शेत केवढंसं! पण तास काही संपेचना...

बैलाच्या गळ्यातली घंटा थांबली. बैल तर चालतच होता.

मग... मागे पावलं. ओल्या ढेकळांवर, अनवाणी.

"गिलसोए?"



त्याने नांगर सोडायला हात उचलू पाहिला. हात उचललाच जाईना! बोटं नांगराच्या मुठीला, रुमण्याला चिकटली होती.

वेदीचे दगड डावीकडून मागे गेले. थोड्या वेळाने पुन्हा तेच दगड, पुन्हा डावीकडून.

तो तर एकदाही वळला नव्हता.

कानाशी कुणीतरी म्हणालं... "थांबू नकोस. मलाही कुणी थांबू दिलं नाही."

मानबोक जिवाच्या आकांताने ओरडला. धुक्यातून गिलसोए धावत आला.

"दाजी, सोडा तो नांगर!"

"सुटत नाही रे!"

गिलसोएने रुमणं धरलं. मानबोकचे हात झटक्यात सुटले. तो चिखलात तोंडावर आपटला.

बैल पुढे गेला. नांगर पुढे गेला. गिलसोएही.

"दाजी... माझे हात..."

आवाज लांब लांब जात विरला.

ऊन पडलं. चहूबाजूंनी उघडं, एवढंसं शेत. बांधाशी बैल चरत होता. नांगर नव्हता. गिलसोए नव्हता. पहारेकऱ्यांनी कुणालाच बाहेर पडताना पाहिलं नव्हतं.

घरी येऊन मानबोक बायकोला एवढंच म्हणाला, "तुझा भाऊ राजधानीतच राहिला. काम मिळालं त्याला."

त्यानंतर धुकं पडलं की तो दाराला अडसर घालून पाठ टेकून बसायचा.

एकदा त्याच्या बायकोने, ओकबुनने, भाताचं भांडं खाली ठेवलं. कान दिला.

"अहो, गिलसोए आलाय वाटतं. तुम्हालाच हाक मारतोय."

"वारा आहे."

"वारा दाजी म्हणतो होय?"

ती उठली. मानबोकने तिचा हात घट्ट धरला.

बाहेरून कडी वाजली... पुन्हा वाजली...

शेवटी दार कुणी उघडलं, ते त्या घरातल्या कुणीच मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.