चिठ्ठीवर न लिहिलेल्या तारखा

जिन्याच्या वळणावर दोघं एकमेकांवर आदळली, तिच्या हातातली बरणी निसटली आणि धणेच धणे झाले... पायऱ्यांवर, कठड्याखाली, अगदी त्याच्या बुटातसुद्धा!

"बघून चालता येत नाही का हो?" ती फणकारली.

त्याला ऐकूच गेलं नसावं. तो खाली बसला, एक धणा बोटांत चुरडला, नाकाशी नेला आणि डोळे मिटून म्हणाला, "वा! लिनालूल!"

"माहीत आहे. मीच तपासते ते. उचला आता."

उचलले बिचाऱ्यानं, एकेक करून. शेवटचा एक दाणा तिच्या बाहीच्या घडीत अडकला होता. त्याचा हात पुढे आला, थबकला... "काढू?" त्यानं विचारलं. एवढंच. पण त्या एका 'काढू?'पायी दिवसभर तिच्या वजनकाट्यावरचे आकडे चुकत राहिले.

तो कंपनीत नवा आलेला सुगंध तयार करणारा. क्रीम, साबण आणि सरबतांचे अर्क बनवणाऱ्या त्या कंपनीत आठवडाभरात सगळे त्याला 'नाक' म्हणायला लागले. ती तिथली सुरक्षा तपासणारी. तिच्या सहीशिवाय एक डबी दाराबाहेर जात नसे, आणि सही ती सुखासुखी करत नसे. म्हणून ती 'थांबाबाई'. आता लिनालूल म्हणाल तर धण्यात, लव्हेंडरमध्ये, कितीतरी फुलापानांत असणारं वासाचं द्रव्य. ताजं असेपर्यंत गरीब गाय. पण हवा लागून शिळं झालं की कातडीवर उलटू शकतं. खाज काय, लाल चट्टे काय! म्हणून थांबाबाईचा नियम असा की बाटली थंड कपाटात, बूच घट्ट, आणि उघडली रे उघडली की मानेला बांधलेल्या चिठ्ठीवर तारीख, सही, कारण. कुणी विसरला की त्याची धडगत नसे.

दोन महिन्यांनी त्यानं स्वतःचं पहिलंवहिलं अत्तर तिच्या टेबलावर ठेवलं. नव्या क्रीममध्ये ते जायचं होतं. मालकीणबाईंनी त्याला बजावलं होतं, हे जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर रामराम.

"पास करा हं. पहिलंच आहे माझं."

"पहिलं असो की पन्नासावं, कातडीला काय कळतंय?"

"कातडीला नाही कळत..." तो हळूच म्हणाला. "पण तुम्हाला?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काहीतरी झणझणीत उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात जाहिरात विभागातली ती सुंदर, सडपातळ, सतत हसणारी बया दारात उभी! "अय्या, झालं का तयार? मला आधी!" असं म्हणून तिनं सरळ मनगट पुढे केलं. आणि यानं लावलं की हो तिच्या मनगटावर! 'लावू?' वगैरे विचारलंसुद्धा नाही.

त्या दिवसापासून थांबाबाईचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. चहाच्या सुट्टीत जाहिरातवाली सगळ्यांना सांगत होती, "त्यानं ते एका मुलीसाठी केलंय. कोण ते नाही सांगणार बाई, वचन दिलंय!" आणि लाजत होती. लाजत काय होती, नुसती चमकत होती. कोण ती मुलगी हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

असं काय आहे त्या वासात, जे हिच्यासाठी केलंय? एवढंच बघायला थांबाबाईनं एक दिवस जेवणाच्या सुट्टीत बाटली उघडली. गोडसर, हिरवट, खाली काहीतरी ओळखीचं... पण नेमकं काय ते सापडेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडली. मग रोजच. कधी बूच हातात आणि बाटली खिडकीतल्या उन्हात, आणि ही खाली अंगणात बोलत उभ्या असलेल्या त्या दोघांकडे बघत बसलेली. चिठ्ठीवर मात्र एक अक्षर नाही. काय कारण लिहिणार, कपाळ?

घरी आत्या म्हणाली, "काहीतरी जळतंय गं. गॅस तर बंद आहे."

"मला नाही येत वास."

"जळणाऱ्याला कुठून येणार!"

मग चाचणीचा दिवस आला. बारा जणांच्या पाठीवर अत्तराच्या छोट्या पट्ट्या चिकटवायच्या, दोन दिवस ठेवायच्या, मग काढून बघायचं. जाहिरातवाली सगळ्यांत पुढे. "त्याच्या अत्तरासाठी एवढं तर करायलाच हवं!" थांबाबाईनं तिच्या गोऱ्यापान पाठीवर पट्टी चिकटवली, जरा जास्तच जोरात.

पट्ट्या निघाल्या तेव्हा तीन पाठी लाल झाल्या होत्या. त्यातली एक जाहिरातवालीची. "अगं, आग होतेय नुसती!" ती कळवळली. आणि थांबाबाईच्या मनात... खोटं कशाला बोला, आनंदाच्या उकळ्या फुटल्या. क्षणभरच. मग तिची तिलाच लाज वाटली.

ती 'नामंजूर' लिहायला बसली, तर तो आला. बाटली उघडून त्यानं एकदाच हुंगलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे शिळं झालंय. हवा लागलीय याला." त्यानं चिठ्ठी उलटून पाहिली. "नोंद तर एकच आहे, चाचणीच्या दिवसाची. म्हणजे माझ्याकडूनच असं आलं. तीन माणसांना माझ्यामुळे त्रास झाला... मालकीणबाईंना सांगतो आणि जातो मी. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

तो दारापर्यंत गेला. गप्प बसली असती तर तिचा नियम, तिचं नाव, तिचा दरारा, सगळं शाबूत राहिलं असतं. फक्त तो गेला असता.

"थांबा!" ती ओरडली.

तिनं चिठ्ठी ओढली आणि लिहायला लागली. तारखा पाठ होत्या तिला. पुढची बाजू भरली, मागची भरली, दुसरी चिठ्ठी जोडावी लागली. मग त्याच्याकडे न बघता तिनं त्या पुढे केल्या. तो वाचू लागला.

'चार तारीख. कारण: वास घेतला. पाच तारीख. वास घेतला. नऊ तारीख. तिला एवढं काय आवडतं ते बघायला. चौदा तारीख. राग आला म्हणून. एकवीस तारीख. तुम्ही दिवसभर दिसला नाहीत.'

त्यानं दोन्ही चिठ्ठ्या उलटसुलट वाचून काढल्या. मग वर पाहिलं.

"आणि ओळखलंत का, काय आहे त्यात?"

"नाही ना! ओळखीचं वाटतं, सापडत नाही. म्हणून तर रोज..."

"धणे," तो म्हणाला. "जिन्यातले. जाहिरातवालीला मी अत्तराचं नाव सुचवायला सांगितलं होतं. ती म्हणाली, जिच्यासाठी केलंय तिलाच विचार. मला धीर होईना. तू... तुम्ही सारख्या 'थांबा' म्हणता ना."

"तू म्हटलंस तरी चालेल," ती पुटपुटली.

मग दोन्ही चिठ्ठ्या घेऊन ती स्वतः मालकीणबाईंसमोर उभी राहिली, आणि खाली मान घालून यथेच्छ बोलणी खाल्ली. लाल पाठींच्या तिघांची ती घरोघरी जाऊन माफी मागून आली. पुढच्या खेपेला बाटली उघडलीस तर आधी चिठ्ठीवर लिही, म्हणजे माझ्या पाठीला अंदाज येईल, असं जाहिरातवालीनं मलम चोळून घेता घेता सुनावलं, आणि वर खदखदून हसली. तिच्यावर रागवायला आता कारणच उरलं नव्हतं.

ताज्या बाटलीवर, नव्या बारा जणांवर चाचणी झाली ती कंपनीच्या डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखाली. एकही पाठ लाल झाली नाही. मालकीणबाईंनी फाइल पुढे सरकवली. "घे, आता तरी कर सही."

"नाही करता येणार."

"अगं थांबाबाई! आता काय राहिलं?"

"तपासणाऱ्याचा जीव त्या मालात गुंतलेला नसावा, असा नियम आहे."

"आणि तुझा गुंतलाय? मालात?"

तिनं दाराशी उभ्या असलेल्या त्याच्याकडे पाहिलं, सगळ्यांदेखत, चांगलं डोळे भरून.

"मालात नाही," ती म्हणाली. "माल करणाऱ्यात."

शेजारी बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी फाइल स्वतःकडे ओढली आणि सहीसाठी पेन उचललं.