हेनी आजींचं बाळ

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यात मी पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

लोकेश माझ्या सख्ख्या मावशीचा मुलगा. मूळचा नागपूरचा. हे सगळं त्याने मला स्वतः सांगितलं, आणि सांगून होईपर्यंत उजवा हात खिशातून बाहेर काढला नाही.

गाव फेल्डहोवन, नेदरलँड्स. अकरा जानेवारी २०२१, सोमवार, सकाळचे साडेदहा. भुतं म्हणे रात्री येतात. इथे खिडकीतून चांगला उजेड येत होता.

पण त्याआधीचं ऐका.

लोकेश तिथे इंजिनिअर आहे. केसाएवढा फरकही त्याला खपत नाही. भिंतीवरचा फोटो तिरका असला तर जेवण जात नाही बाबाला! बायको समता, आणि लॉकडाऊनमध्ये जन्मलेली पोर, सुजाता. लाडाची सुजा.

शेजारी हेनी आजी राहायच्या. वय शहाऐंशी, एकट्या. मार्च २०२० मध्ये त्या वृद्धाश्रमात गेल्या. जाताना त्यांनी लोकेशच्या हातात एक जड संगमरवरी फरशी ठेवली. इटलीतलं, पाचशे वर्षांपूर्वीचं कोरीवकाम, पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात असलेलं. मेरी आणि तिच्या मांडीवर बाळ येशू. मेरी मान खाली घालून बाळाकडे बघतेय. बाळाचं डोकं दगडातून पुढे आलेलं, लिंबाएवढं... आणि हात लागून लागून गुळगुळीत झालेलं.

आजींचं स्वतःचं बाळ चाळीस दिवसांचं होऊन गेलं होतं. तेव्हापासून साठ वर्षं रोज सकाळी त्या या दगडातल्या बाळाच्या डोक्यावरून अंगठा फिरवायच्या.

"माझं बाळ सांभाळ," त्या म्हणाल्या. "परत आले की घेऊन जाईन."

लोकेश "हो" म्हणाला.

उन्हाळ्यात समताचा पोळपाट तडकला. भारतातून पार्सल येणं बंद होतं. आणि त्या फरशीची मागची बाजू... अगदी सपाट.

"अगं, हा घे मार्बलचा पोळपाट!"

"वेडा आहेस का? त्यांचा देव आहे तो. आपण बुद्धाची मूर्ती अशी पालथी घालू का?"

"पाठीवर तर लाटायचंय. दगडाला काय होतंय?"

रोज रोज ब्रेड खाऊन समताही कंटाळली होती. तिने ऐकलं. पण फरशी डुगडुगायची. एका बाजूला उंच. लाटणं फिरलं की टक... टक... टक.

लोकेशला ते सहन होईना.

एक दिवस मायलेकी झोपल्या होत्या. त्याने फरशी मागच्या शेडमध्ये नेली, ग्राइंडर लावला, आणि उंच आलेला भाग घासून सपाट केला. दोन मिनिटांचं काम. खाली पांढरी भुकटी पडली, ती झाडून टाकली.

समताला म्हणाला, "खाली रबर लावलंय."

तिने कधी उलटून पाहिलं नाही. चार महिने पोळ्या मस्त झाल्या.

जानेवारीत आजींचा फोन आला. आवाज खोल गेलेला. कोरोनामुळे आत कुणाला सोडत नव्हते. "रविवारी खिडकीशी आण त्याला. एकदाच बघते."

लोकेश गेला. नाही कसं म्हणणार? काचेबाहेर थंडीत उभा राहिला आणि फरशी उचलून धरली. जिथे बाळाचं डोकं होतं, तिथे उजवा अंगठा दाबून...

आजींनी बोटाने खूण केली. अंगठा काढ.

तो नुसता हसला.

त्यांनी परत खूण केली. तो तसाच उभा.

मग त्या थांबल्या. त्याच्या अंगठ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. काहीतरी बोलल्या. काचेमुळे ऐकू आलं नाही.

सोमवारी सकाळी नऊला फोन आला. आजी पहाटे गेल्या.

साडेदहाला लोकेशची मीटिंग होती. तो वर माळ्यावर लॅपटॉपसमोर बसला होता. घरात सगळं शांत.

"लोकेश, ग्राइंडर बंद कर ना यार," टीममधला प्रकाश म्हणाला. "काही ऐकू येत नाहीये."

"कसला ग्राइंडर?"

"हा काय... परत सुरू झाला."

लोकेशने स्क्रीनकडे पाहिलं. बोलायला म्हणून त्याने आत्ताच माइक चालू केला होता.

त्याआधी तो म्यूटवर होता.

इतक्यात खालून समता ओरडली, "लोकेश! खाली ये आधी!"

सुजाला अंघोळ घालून, पायांवर घेऊन ती टाळूवर तेल घालत होती. तिची बोटं पांढरी झाली होती.

"हे काय आहे? मी पावडर लावलीच नाहीये."

लोकेशने ती भुकटी चिमटीत घेतली. खरखरीत होती.

त्याने ओळखली.

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्याही. रोज साडेदहाला.

बाळांच्या दवाखान्यात नर्सने डोक्याचा घेर मोजला. मागच्या वेळी चव्वेचाळीस सेंटीमीटर होता, आता साडेत्रेचाळीस. "माझी टेप सरकली असेल," ती हसून म्हणाली. तीन आठवड्यांनी त्रेचाळीस भरला. तेव्हा ती हसली नाही. मोठ्या हॉस्पिटलात सगळ्या तपासण्या झाल्या. सगळं नॉर्मल. पोर खात होती, खेळत होती. फक्त डोकं लहान होत होतं.

शेवटी लोकेशने समताला सगळं सांगितलं.

तिने सुजाला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने फरशी उलटली.

मेरीची मान आता खाली नव्हती...

ती सरळ सुजाकडे बघत होती.

"तू तिचं बाळ घासलंस," समता म्हणाली. "आता ती आपलं घासतेय."

लोकेशने माफी मागितली, नाक घासलं. प्लास्टरचं डोकं करून चिकटवलं, ते सकाळी गळून पडलेलं. परत द्यावी तर आजींचं कुणीच नव्हतं.

मग एका सकाळी, साडेदहाला दहा कमी असताना, त्याने त्या सपाट जागेवर उजवा अंगठा ठेवला. खिडकीशी ठेवला होता तसाच.

"मी केलंय. पोरीला सोड. काय घ्यायचं ते माझं घे."

साडेदहा वाजले. सुजाची टाळू स्वच्छ होती.

भुकटी लोकेशच्या अंगठ्याखाली पडली होती.

दुखलं नाही म्हणाला. फक्त दुसऱ्या दिवशी फोन त्याचा अंगठा ओळखेना. रेषाच उरल्या नव्हत्या. तरी तो रोज साडेदहाला अंगठा तिथे ठेवत राहिला, आणि सुजाचं डोकं भरत गेलं. आता ती शाळेत जाते, आपण मराठीत विचारलं की डचमध्ये फाडफाड उत्तर देते.

गेल्या डिसेंबरात ते नागपूरला आले, तेव्हा त्याने मला हे सांगितलं. मी म्हटलं, "हात दाखव."

त्याने हात खिशातून काढला. अंगठा मुळापासून नव्हता. जखम नाही, वण नाही. गुळगुळीत.

"संपलं ना मग? सुटलास!"

तो अंगणात खेळणाऱ्या सुजाकडे बघत होता.

"अंगठा परवा संपला, ताई. दुसरी बोटं ठेवून पाहिली, फरशी सोबतच आणलीय. घेत नाही ती."

"म्हणजे?"

"आज सकाळी समताने सुजाची वेणी घातली. कंगव्यात पांढरं होतं."

ते परत गेले. मी रोज दुपारी तीनला समताला फोन लावते. तिकडे तेव्हा साडेदहा वाजतात. रोज ती उचलते आणि "ताई, बघतेय" एवढंच म्हणते.

आज तिने उचलला नाही.