गिरणीतल्या दिव्याचा खटका

हे वाचून तुम्ही हसाल. हसा. मीही हसले असते.

पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही. माझा नवरा समोरच बसला आहे. मी लिहिते आहे ते तो वाचतो आहे.

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. आयर्लंडमधलं कॉर्क. रात्र म्हणवत नाही, कारण इथे थंडीत चहाच्या वेळेलाच काळोख पडतो.

भुताच्या गोष्टीत नेहमी लाईट जाते.

आमच्याकडे लाईट जात नव्हती...

आमच्या मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम दिवाळी उलटून गेल्यावरच होतो, हॉल मिळेल तेव्हा. त्या वर्षी नदीकाठच्या एका बंद पडलेल्या गिरणीतला हॉल मिळाला. कार्यक्रमात एक एकांकिका होती. लाइट्स माझ्या नवऱ्याकडे, यशोधनकडे. पोटासाठी तो सॉफ्टवेअर लिहितो, पण पुण्यात कॉलेजात असताना एकांकिकांचे लाइट्स केले होते आणि ते दिवस त्याच्या अंगातून अजून उतरलेले नाहीत. प्रॉम्प्टिंग माझ्याकडे.

गिरणीच्या आढ्याला एक जुना दिवा टांगलेला होता. दुधाच्या किटलीएवढा. आर्क लॅम्प म्हणतात त्याला, घरोघरी बल्ब येण्याच्या आधीचा. त्यात कोळशाच्या दोन कांड्या समोरासमोर असतात आणि त्यांच्या टोकांमधून वीज उडी मारते. उजेड इतका पांढरा की बघवत नाही. गिरणीची मालकीण ब्रीडा, साठीची ठणठणीत बाई. पाहुण्यांना दाखवायला म्हणून तिने तो दुरुस्त करून घेतला होता.

यशोधन त्या दिव्याच्या प्रेमातच पडला. शेवटच्या प्रसंगाला हाच उजेड हवा म्हणून अडून बसला.

ब्रीडाने एकच अट घातली. दिव्याच्या डोक्यावर पितळेचा एक खटका होता आणि त्याची दोरी खाली लोंबत होती. तो कटआउट. दोरी ओढली की खटका पडतो, वीज दिव्याला वळसा घालून जाते आणि मग कांड्यांना हात लावता येतो. दिव्यात काही बिघडलं तर तो आपला आपणही पडतो. पडला की मोठा आवाज होतो. टक.

तो आवाज कानांनी ऐकल्याशिवाय शिडीवर पाय ठेवायचा नाही, असं तिने यशोधन आणि गिरीश दोघांनाही बजावलं होतं.

गिरीश आमचा इथला सगळ्यात जवळचा मित्र. रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात असतो. कुणाचं घर हलवायचं असो, कुणाला एअरपोर्टवर सोडायचं असो, गिरीश हजर. त्याला चिडलेला मी कधी पाहिलेला नाही. त्याची बायको अलकनंदा म्हणते, याच्याशी भांडायला गेलं तर आपणच दमतो.

तालमी सुरू झाल्या. ऐन संवादात खटका पडायचा. टक... अंधार. दिवा परत लावला की परत टक. यशोधनचा नुसता जळफळाट.

शेवटच्या तालमीला मात्र दिवा एकदाही विझला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही नवऱ्याचं तोंडभरून कौतुक केलं.

तालीम संपता संपता दिवा फडफडला आणि गेला. कांडी अडकली होती. मेन स्विच बंद करायला काय झालं होतं, असं तुम्ही म्हणाल. तो ब्रीडाच्या ऑफिसात, ऑफिसला कुलूप आणि ब्रीडा बाजारात गेलेली. गिरीश म्हणाला, कटआउट आहे ना, मी बघतो. त्याने दोरी ओढली. दोरी खाली आली.

आवाज आला नाही...

हॉलमध्ये गलका चालला होता. गिरीशच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

यशोधनच्या आलं. तो माझ्या शेजारीच उभा होता. त्याने बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हे मला नंतर कळलं.

गिरीशने कांडीला हात लावला. एकदा पांढरा उजेड पडला आणि तो शिडीवरून खाली कोसळला. उजवा तळवा भाजला. दोन बोटांना आजही काही कळत नाही. सगळे म्हणाले, जुनी वस्तू, कोण काय करणार. यशोधनही म्हणाला.

त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो. यशोधन हात धुवायला बाथरूममध्ये गेला. बाहेर येताना त्याने दिवा बंद केला.

दिवा बंद झाला नाही.

त्याने बटण परत दाबलं. परत. मी जाऊन दाबलं... लगेच अंधार. बटण सैल झालं असेल, म्हणून मी सोडून दिलं.

मग त्याने चहाला किटली लावली. पाणी उकळलं. उकळतच राहिलं. आपोआप बंद होणारी किटली ती, पण तिचा तो टक काही येईना. स्वयंपाकघर वाफेने भरलं. मी हात लावला तेव्हा बंद झाली.

त्या दिवसापासून तेच सुरू झालं. यशोधनने लावलेलं काहीही यशोधनच्या हाताने बंद होईना. शॉवरचं बटण दाबलं तर पाणी जास्तच गरम व्हायचं. एकदा खांदे लाल करून बाहेर आला. शेगडी, इस्त्री, सगळ्याची तीच तऱ्हा. इलेक्ट्रिशियन येऊन गेला. म्हणाला, घर एकदम ग्रँड आहे, म्हणजे इथल्या भाषेत सगळं ठीक. त्याच्या हाताने सगळं बंद होत होतं. माझ्या हाताने होत होतं. आमच्या आठ वर्षांच्या सानिकाच्या हाताने होत होतं.

फक्त याच्या नाही.

आणि एक आवाज यायचा. यशोधन बटण दाबायचा, दिवा तसाच राहायचा, आणि भिंतीपलीकडून कुणीतरी शिडी चढायला लागायचं...

एक पायरी. मग दुसरी. सावकाश, रोजच्या कामाला निघाल्यासारखं.

वर जाऊन ते थांबायचं. मग काहीच नाही. त्या शांततेत आम्ही दोघंही काहीतरी ऐकू यायची वाट बघत उभे राहायचो. मला तर कशाची वाट बघते आहे तेही ठाऊक नव्हतं. यशोधनला ठाऊक होतं, पण तो बोलत नव्हता.

मग ब्लँकेटचा दिवस आला.

इथे थंडीत अंथरुणाखाली विजेचं ब्लँकेट घालतात. यशोधनने सवयीने सानिकाच्या पलंगावरचं लावून ठेवलं होतं. मी किराणा आणायला बाहेर. सानिका सर्दीने लवकरच आडवी झाली, तेव्हा याने ब्लँकेट बंद केलं. त्याचा छोटा लाल दिवासुद्धा विझला. म्हणून हा बिनधास्त खाली येऊन बसला.

मी घरात पाऊल टाकलं तर वास आला. जळक्या कापडाचा. आणि वरच्या मजल्यावर शिडी चढल्याचा आवाज...

मी पिशव्या टाकून धावले. सानिका तापाच्या ग्लानीत पुटपुटत होती, "इट्स रोस्टिंग, मम्मी." चादर तपकिरी झाली होती. मी तिला ओढून काढलं, प्लग उपटला, तोवर धूर यायला लागला होता. तिच्या पाठीवर लाल पट्टे उठले होते. अजून थोडा उशीर झाला असता तर... मला पुढचं लिहवत नाही.

दारात यशोधन उभा होता, पांढराफटक.

"पुठ्ठा घातला होता मी," तो म्हणाला. "गिरणीतल्या त्या खटक्यात. सारखा पडत होता म्हणून चहाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून घातला. दोरी ओढली तरी तो पडणारच नव्हता, आणि मला ते माहीत होतं."

"मग ओरडला का नाहीस?"

"सगळ्यांसमोर कळलं असतं."

मी आयुष्यात कुणावर हात उचललेला नाही. त्या दिवशी उचलला. पुण्यात एमसीबी पडला की काडी अडकवून प्रयोग पुढे रेटायचे, ते किस्से हा कौतुकाने सांगायचा आणि मी मूर्खासारखी हसायचे. ते सगळं डोक्यात गेलं. सानिकाच्या पाठीला मलम लावून तिला शेजारी ठेवलं आणि याला तसाच गाडीत घालून गिरीशकडे नेला.

गिरीश बँडेज बांधलेल्या हाताने दार उघडायला आला. यशोधनने सगळं सांगितलं. शेजारी उभी असलेली अलकनंदा लाल झाली. गिरीशने एकदा आपल्या हाताकडे बघितलं आणि विचारलं,

"मुद्दाम केलंस का? नाही ना? मग सोड आता. मी माफ केलं तुला."

त्याने मनापासून म्हटलं. मी साक्षीला होते. वर आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

घरी आल्यावर यशोधनने हॉलचं बटण दाबलं.

टक. अंधार.

आम्ही दोघं त्या अंधारात उभे राहून लहान मुलांसारखे रडलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अलकनंदाचा फोन आला. कालच्या प्रकारामुळे ती अजून माझ्याशी नीट बोलत नव्हती. कोरड्या आवाजात तिने विचारलं, तुमच्याकडे सुरुवातीला नक्की काय झालं होतं ते सांग...

गिरीशला दिवा बंद करता येत नव्हता.

मी तडक गिरणीत गेले आणि ब्रीडाला सगळं सांगितलं, अगदी पुठ्ठ्यासकट. ती खुर्चीत बसली. पुठ्ठ्याचं आधी कळलं असतं तर तुम्हाला माफी मागायला जाऊच दिलं नसतं, म्हणाली. मग तिच्या आजीकडून ऐकलेली हकीकत सांगितली.

गिरणी चालू होती तेव्हा असे दिवे एका ओळीत होते. डिनी नावाचा माणूस कांड्या बदलायचा. दिवे मधेच विझले की माग थांबायचे, म्हणून मॅनेजरने खटक्यांत लाकडाच्या ढलप्या ठोकल्या आणि कुणाला सांगितलं नाही. डिनीने नेहमीसारखा खटका ओढला आणि कांडीला हात लावला. तो शिडीवरच गेला. मॅनेजरच्या घरचे दिवे त्यानंतर त्याच्या हाताने विझेनासे झाले. महिनाभर झोप नाही. शेवटी तो डिनीच्या बायकोच्या दारात जाऊन गुडघ्यांवर बसला. बाई देवभोळी. तिने माफ केलं.

मॅनेजर म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात मेला.

त्या बाईच्या घरातली मेणबत्ती विझेना. फुंकली तरी नाही, पाणी ओतलं तरी नाही. एक दिवस घर जळलं, ती आत असताना.

"डिनीने? स्वतःच्या बायकोला?" मी विचारलं.

ब्रीडा काय म्हणाली ते मराठीत सांगते. "माफ करायच्या आधी डिनीला कुणी विचारलं नव्हतं."

आम्ही परत गिरीशकडे गेलो. यशोधनने त्याचे पाय धरले. म्हणाला, माफी परत घे. शिव्या घाल, मार, पोलिसात जा, पण माफ करू नकोस. गिरीशने ऐकून घेतलं. मग आमच्या समाधानासाठी म्हणाला, बरं बाबा, नाही करत माफ. उठून त्याने बटण दाबलं.

दिवा तसाच.

तोंडाने म्हणून काय होतं? मनात राग यायला हवा आणि तो त्याला येत नाही. भाजलेल्या हाताकडे बघूनही येत नाही. त्याला राग यावा म्हणून यशोधनने त्याच्या कारखान्यात खोट्या तक्रारी करण्यापर्यंत विचार केला. मीच थांबवलं. आता वाटतं, करू द्यायला हवं होतं.

अलकनंदा घरी असली की सगळं तीच बंद करते. तिची हॉस्पिटलात ड्यूटी असली की गिरीश अंधारात बसून राहतो. काही लावायचंच नाही, म्हणजे बंद करायला नको. परवा मी डबा घेऊन गेले तर तसाच बसला होता, स्वेटरवर स्वेटर घालून. हीटरही लावलेला नव्हता. मला म्हणाला, "कौमुदी, शिडीवर कोण चढतं गं?"

मी डबा उघडून त्याच्या पुढ्यात ठेवला.

यशोधन आता रोज दिवे बंद करतो. ते बंद होतात आणि मला हायसं वाटतं. मग गिरीश आठवतो आणि स्वतःची किळस येते. नवऱ्याला मी माफ केलेलं नाही. एरवी कधीतरी केलं असतं, शेवटी संसार आहे. आता करायची छाती होत नाही. तो जवळ आला की मी मुद्दाम गिरीशचा हात आठवते.

एवढं लिहून मी थांबणार होते. पण काल एक झालं.

सानिकाला आम्ही यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. काल ती गृहपाठ करता करता मला म्हणाली की तिने आमचं भांडण ऐकलंय. गिरीशकाकाचा हात डॅडीमुळे भाजला आणि तिची पाठसुद्धा, हे तिला माहीत आहे. मी काही बोलायच्या आत तिने माझ्या गळ्यात हात टाकले. मीच रडेन, असं तिला वाटलं असावं.

"डोन्ट बी क्रॉस विथ हिम, मम्मी. आय ॲम नॉट. ही डिडन्ट मीन इट, लाइक."

डॅडीवर तिचा राग नव्हताच. मग ती आपल्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले आणि दाराबाहेर उभी राहिले. तिने बटणाकडे हात नेला.

काल तिचा दिवा बंद झाला. माफ केलं त्या रात्री गिरीशचाही झाला होता.

आज अजून संध्याकाळ व्हायची आहे.