घाईभाऊची बस

बस सुटली ती सुटलीच! आणि तिच्यामागे एका हातात डबा, दुसऱ्या हातात तुटकी चप्पल घेऊन धावणारा तो... थांब्यावर वेगळ्या बसची वाट बघणाऱ्या तिला हसू आवरेना. तिने केसांत खोचलेलं पेन काढलं आणि तो जसाच्या तसा कागदावर उतरवला.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत हजर!

"ही चप्पल माझी आहे," मागच्या पानावरच्या तिच्या व्यंगचित्रावर बोट ठेवून तो म्हणाला. "डबाही माझाच. अहो, मी घड्याळं दुरुस्त करतो. सकाळपासून गिऱ्हाईकं विचारतायत, घड्याळजी, तुमचं घड्याळ कधी दुरुस्त होणार?"

"मग वेळेवर या ना थांब्यावर!"

"आलो... तर तुम्ही काढणार कुणाला?"

आता लाजायची पाळी तिची होती.

तिच्या चित्रमालिकेतल्या घाईभाऊला कोण ओळखत नव्हतं? रोज तीन चौकटींत धावणारा आणि रोज बस चुकवणारा बापडा कारकून. शहरात कुणालाही उशीर झाला, की लोक म्हणायचे, "झाला बघ घाईभाऊ!" त्याला जन्म दिला तिच्या बाबांनी. त्यांचा हात थरथरू लागला तसा तो तिच्या पदरात आला, एका अटीवर. घाईभाऊला बस मिळू द्यायची नाही.

घड्याळजींची बसही मग रोज चुकू लागली. पुढची येईपर्यंत दोघांच्या गप्पा रंगायच्या, आणि ती बस लवकर आली की तिला बसचाच राग यायचा.

अशातच संपादकांनी बॉम्ब टाकला. "लोक कंटाळलेत. शनिवारी घाईभाऊला एकदाची बस मिळू दे, आणि संपव."

तिने घरी बाबांना हे सांगितलं. ते नुसते खिडकीबाहेर बघत बसले. 'त्याला बसमध्ये चढवणार नाही आणि संपवणारही नाही,' तिने मनाशी ठाम ठरवलं. पण करायचं काय?

"रोज रोज तेच, म्हणे!" थांब्यावर ती तणतणली. "माणसाची बस रोज चुकते, यात कंटाळण्यासारखं काय आहे?"

घड्याळजी चपलेच्या टोकाने माती उकरत राहिला.

"रोज... कशी चुकेल हो? तीही घड्याळजीची?"

"म्हणजे?"

"पहिल्या दिवशी चप्पल खरंच तुटली होती. त्यानंतर मी... त्या पानटपरीमागे उभा राहतो. बस गेली की धावत येतो."

तिचे कान तापले. घरी जाऊन ती तडक कागदावर वाकली.

शनिवारच्या चौकटीत बस थांबली होती, कंडक्टर हाका मारत होता आणि घाईभाऊ जागचा हलत नव्हता. शेजारी केसांत पेन खोचलेली एक मुलगी. खाली दोनच शब्द... 'मुद्दाम सोडली!'

संपादक तिच्यावर उखडले खरे, पण दुपारपर्यंत फोन घेऊन घेऊन त्यांचाच घसा बसला. "पुढे काय होतं?" जो तो हेच विचारत होता. घाईभाऊ वाचला. बाबांनी चष्मा पुसत पान पुन्हा वाचलं. "चढला नाही ना? मग झालं तर," ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले.

सोमवारी घड्याळजी टपरीमागे लपलाच नाही. बस आली, थांबली, निघून गेली.

"लोक विचारतायत... ती मुलगी काय म्हणते?" त्याने विचारलं.

"उद्याच्या पानावर कळेल."

"मला आत्ता सांगा ना."

तिने त्याचा हात धरला. तिच्या बोटांची शाई त्याच्या बोटांना लागली.

"हो म्हणते."