किल्ली अर्धी फिरवा

आता आमच्याकडे बटण दाबलं की सुरू होणारी गाडी आहे. सोय आहे, पण मला तिचा जरा रागच येतो. उदगीरची ती जुनी पेट्रोल गाडी इतकी गुणी असती, तर माझं लग्नच जमलं नसतं.

मुखेडला आमच्या घरी मला बघायला उदगीरहून पाहुणे आले होते. मी नांदेडच्या गॅरेजात मेकॅनिक. हे ऐकूनच आधीची स्थळं परत गेलेली. म्हणून आईनं माझी नखं लिंबानं घासली आणि बजावलं, "पंचशीला, हापिसात हाय म्हणायचं. गॅरेजचं नाव काढायचं न्हाई." मुलाच्या काकांनी विचारलं तेव्हा मी तसंच सांगितलं. मुलगा, आनंदराज, चहाच्या कपाकडेच बघत बसला होता. एकदाच त्यानं वर बघितलं... आणि मी उगाच पदर सारखा केला. मला तो आवडला होता, म्हणून तर खोटं जास्तच टोचत होतं.

निघताना त्यांची गाडी सुरू होईना. आनंदराज सेल मारत होता, सेल जोरात फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हतं. काका म्हणाले, धक्का मारू. बॅटरी ठणठणीत असताना धक्का कशाला? आईनं डोळे वटारले, पण माझ्यानं राहवेना.

"थांबा. किल्ली अर्धी फिरवा, सेल मारू नका."

मागच्या सीटखालून पेट्रोलच्या पंपाची बारीक घरघर आली. किल्ली बंद, पुन्हा अर्धी... असं दोन-तीनदा करायला लावलं. मग सेल मारला आणि गाडी झटक्यात सुरू झाली. मागे जाऊन बघितलं, काळा धूर नव्हता, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर गळत नसावेत. पंपाचा वॉल्व्हच खराब असणार. गाडी उभी राहिली की पेट्रोल टाकीत परत उतरत होतं, नळीत दाब उरत नव्हता; किल्ली अर्धी फिरवली की पंप तो पुन्हा भरत होता. हे सगळं भरभर सांगून टाकलं आणि मग मला आईचा चेहरा दिसला.

"हापिसात हे शिकवतात?" आनंदराजनं हळूच विचारलं.

"न्हाई... गॅरेजात काम करते मी. खोटं बोलले."

माझे डोळे भरून आले. काका घसा खाकरून म्हणाले, घरी जाऊन कळवतो. हे वाक्य आमच्या घराला पाठ होतं.

आनंदराज गाडीतून उतरला. "काका, वाटेत गाडी बंद पडली तर कळवायचं राहून जाईल. मी इथंच सांगतो."

"बंद न्हाई पडणार," मी म्हणाले. सवयच ती. "एकदा सुरू झाली की चालते. फक्त सुरू व्हायला छळते."

"म्हाईत हाय," तो हसला, आता सरळ माझ्याकडे बघून. "तरी इथंच सांगतो. माझा होकार हाय... तुमचा?"

मी खिडकीतून हात घातला आणि गाडी बंद केली.

"बसा की अजून थोडं," मी म्हणाले.